वादळ पार्टीचा खोका

माझ्या बापाला मशीन कधी कळलं नाही. ते बंद पडलं की शिव्या कोणाला द्यायच्या, हे मात्र बरोबर कळायचं.

आमची बँजो पार्टी आहे. होती म्हणा. नाव वादळ, गाव कोन, पळस्पे फाट्यावरून आत वळलात की आलंच. आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, बँजो उशिरा आला तर नवऱ्याचे मामा रुसतात. कीबोर्ड, बँजो, पॅड, पुढे ढोल-ताशे, मागे टेम्पोत जनरेटर आणि भोंगे, आणि या सगळ्याचा आवाज ज्याच्या पोटातून जातो तो अ‍ॅम्प्लिफायर. पार्टीत त्याला सगळे खोका म्हणतात. पार्टी आबांनी, म्हणजे माझ्या बापाने, भगवान भोपीने उभी केली. गळ्यात शिट्टी अडकवून तो सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि त्याने हात वर केला की पन्नास माणसांच्या छातीत ढोल वाजायचा. ते खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा अंगावर काटा यायचा.

पण वादळने गेल्या काही वर्षांत वाजवलेली प्रत्येक नवी चाल मी बसवलेली आहे. घरी, मागच्या खोलीत, दार लावून. बाळू आमचा कीबोर्डवाला. तो यायचा, मी वाजवून दाखवायची, तो मोबाइलवर टिपून घ्यायचा आणि रस्त्यावर जाऊन टाळ्या घ्यायचा. मी रस्त्यावर वाजवायचं नाही, कारण भगवान भोपीची पोर रस्त्यावर वाजवते असं लोक बोलतील. मी टेम्पोत बसून वायरी सांभाळायच्या. वायरी सांभाळणाऱ्या पोरीबद्दल लोकांना बोलायला वेळ नसतो, एवढं एक बरं होतं.

आता खोक्याचं दुखणं सांगते. उन्हाळ्यातल्या वराती चार-साडेचारला निघतात. टेम्पोचा पत्रा तापलेला, वर हळद, गुलाल आणि चमकीचे बार. एकदा ती चमकी खोक्याच्या पंख्यात गेली आणि पंखा बसला. आबांनी काय करावं? खोका चारी बाजूंनी पत्र्याच्या पेटीत बंद करून टाकला. चमकी जायची थांबली आणि हवाही थांबली. मग खोका ऐन वरातीत तापायचा आणि आतून जळू नये म्हणून आपोआप बंद व्हायचा. तशी त्यात सोयच असते. आबांच्या लेखी ती सोय म्हणजे माझा नालायकपणा होता, आणि ते तो चार माणसांत, नवरदेवाच्या घोड्यासमोर मोठ्याने सांगायचा.

मी नोकरी करते तळोज्याला. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. आमच्या कंपनीत इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीभोवती गुंडाळायच्या काळ्या पट्ट्या बनतात. दिसायला रबरी पायपुसण्यासारख्या, हव्या तशा वाकतात, कात्रीने कापता येतात. आत मेण असतं, ग्राफाइटच्या भुग्यात मुरवलेलं, आणि वरून मऊ रबरात बांधलेलं. बॅटरी तापायला लागली की आतलं मेण वितळायला लागतं, आणि वितळता वितळता उष्णता पिऊन घेतं. बर्फ संपेपर्यंत सरबत गारच राहतं ना, तसंच. मेण आतल्या आत वितळतं, एक थेंब बाहेर येत नाही. फक्त एक आहे, पट्टीने प्यायलेली उष्णता नंतर बाहेर टाकायला तिला उसंत लागते. मेण पुन्हा घट्ट झालं तरच ती पुढच्या खेपेला कामाची. नाही तर ती नुसती एक गरम गोधडी.

हे सगळं मला ताहिरा मॅडमनी शिकवलं. ताहिरा मॅडम आमच्या लॅबच्या मुख्य. पनवेलच्याच, कोकणी मुसलमान, बरीच वर्षं आखातात, दोह्याला काढून परत आलेल्या. त्यांच्या जिभेला हाड नाही आणि त्यांनी कोणाचं कौतुक केल्याचं कोणाला आठवत नाही.

गेल्या माघात आबांचे गुडघे गेले. मनगटही थरथरायला लागलं. शिट्टी वाजवून अर्धा तास चालला की तो टेम्पोच्या फाळक्याला धरून उभा राहायचा. पार्टी पुढे कोण चालवणार, असा प्रश्न आला. माझा भाऊ हृतिक आहे, माझ्यापेक्षा लहान. त्याला बँजोत काडीचा रस नाही. त्याला डीजे पाहिजे, लाइटवाला, एक माणूस आणि एक लॅपटॉप. म्हणजे वाजवणारे सगळे घरी.

वाजवणाऱ्यांना हे कळत होतं. एका रविवारी सगळे आमच्या ओटीवर जमले. ढोलवाला बुधाजी काका सगळ्यांत जुना. चहा संपल्यावर तो म्हणाला, “भगवान, आमी सगल्यांनी ठरवलाय. पार्टी मनीला दे. चाली तिच्या, बुकिंग तीच घेते, वायरी तीच बघते. हृतिकला दिलीस त आमी सुटलो.”

मी आत दाराआड उभी होते. मला ती पार्टी हवी होती. दुसरं काही मी आयुष्यात इतकं मागितलं नव्हतं, आणि हेसुद्धा मी मागितलं नव्हतं, दुसऱ्याने माझ्यासाठी मागितलं.

“पोरगी लगीन करून जाईल,” आबा म्हणाला. “मंग पार्टी काय तिच्या सासऱ्याला देऊ?”

“एकतिसावा चालू हाय तिला. जायची असती त गेली असती,” बुधाजी काका म्हणाला. हे काही फार छान नव्हतं, पण माझ्या बाजूचं होतं.

आबा हसला. तो हसला की समजायचं, आता काहीतरी वाईट येणार. “तिची बाजू घेताव ना? बरा. खोका कोन बघतो? मनी. तो परत परत कोनामुले बंद पडतो? पळस्प्याला भोईरांच्या पोराचा लगीन हाय. पोरीकडून मितेशची गर्जना पार्टी येनार. त्या दिशी आपला खोका शेवटपर्यंत चालला, त पार्टी मनीची. बंद पडला त हृतिकची. मंग माझ्याकडं कोनी यायचा नाय.”

मितेश हा आमच्याच पार्टीत पॅड शिकला आणि आबांशी भांडून वेगळा झाला. त्याचं नाव निघालं की आबांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याच्यासमोर खोका बंद पडावा अशी आबांची इच्छा असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. मला वाटलं, त्याला खात्री आहे की मी हरेन. बस, एवढंच. माणूस आपल्या बापाबद्दल जितकं वाईट मनात आणू शकतो तितकं मी आणलं होतं, आणि ते कमी पडलं.

मी दुसऱ्याच दिवशी ताहिरा मॅडमकडे गेले. कडेने खराब कापल्या गेलेल्या पट्ट्या कंपनी फेकून देते, त्या मागितल्या.

“कशाला?”

“खोक्याला गुंडाळायला.”

“लग्नातल्या बाजाला?” त्यांनी चष्मा काढला. “या खुदा. इथे लोक बॅटरीची आग थांबवायला मरतायत, आणि तू नाचणाऱ्यांसाठी पट्ट्या मागतेस.” पण पट्ट्या दिल्या.

पहिल्या खेपेला मी माती खाल्ली. आमच्याकडे त्या वेळी अडतीस अंशाला वितळणाऱ्या मेणाच्या पट्ट्या पडून होत्या, त्याच लावल्या. लॅबच्या एसीत खोका तासभर हूं की चूं न करता चालला. मी हरखून घरी आणला, टेम्पोत ठेवला, आणि अंगणात उन्हात लावल्यावर तो नेहमीपेक्षा लवकर बंद पडला. हृतिक ओट्यावर लोळून हसला. “मनीची काली चपाती! तव्यावर टाक, फुगते का बघ.”

ताहिरा मॅडमनी मला सगळ्या लॅबसमोर झाडलं. “तुमच्या टेम्पोत दुपारी चाळीसच्या वर असतं. मेण खोका सुरू व्हायच्या आधीच वितळून बसलेलं. भरलेल्या पोटाला जेवायला वाढलंस तू. एसीत बसून परीक्षा घेतलीस, वरात काय एसीत निघते?” मग त्यांनी स्वतः बावन्न अंशाच्या मेणाच्या पट्ट्या काढून माझ्या टेबलावर आपटल्या. “या लाव. आणि बाहेरच्या पत्र्याला चिकटून लाव, म्हणजे थांबलात की उष्णता पत्र्यातून बाहेर जाईल. मध्ये अर्धा-पाऊण तास पेटी उघडी राहिली पाहिजे. त्यावर काहीही टाकायचं नाही. समजलं? पंख्याशिवाय चालेल, पण झाकलंस तर मेलीस.”

समजलं होतं. अडचण एवढीच की आमच्याकडे वाजवून झालं की वाद्य झाकायचंच असतं. समोर दुसरी पार्टी असेल तर नक्कीच. उघड्या वाद्याला नजर लागते. वादळची त्यासाठी जाड लाल मखमल आहे, आत कापूस घालून शिवलेली, जरीने नाव काढलेली. पार्टी थांबली रे थांबली की खोक्यापासून भोंग्यापर्यंत सगळ्यावर ती पांघरायची.

मी पट्ट्या लावल्या. अंगणात उन्हात पुन्हा पुन्हा चालवून बघितलं. तासभर फुल आवाज, मग पाऊण तास उघडं, मग पुन्हा तासभर. पेटीला हात लावला तर चटका नाही. मग मी आबांना सांगितलं, मधल्या थांब्यात खोका झाकायचा नाही. वाटल्यास त्याला लिंबू-मिरची बांध, पण मखमल नको. मी आणखी एकदा सांगितलं. लग्नाच्या दिवशी सकाळी, टेम्पो भरताना, बाळूसमोर पुन्हा सांगितलं.

“मी काय बहिरा हाय?” आबा म्हणाला.

त्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला धरत होतं. आधी कोनमध्ये गावातून वरात फिरवायची, मग सगळ्यांनी गाड्यांत बसून पळस्प्याला जायचं, तिथे पोरीकडच्यांनी सरबत-नाश्ता द्यायचा, आणि मग फाट्यापासून हॉलच्या गेटपर्यंत दोन पार्ट्या समोरासमोर. गेटवर दोन्ही पार्ट्या एकमेकींच्या अंगावर वाजवतात. जी आधी गप्प होते तिची पुढची दोन वर्षं लोक चेष्टा करतात. ही आमची रीत आहे, कोणी लिहून ठेवलेली नाही आणि कोणी मोडतही नाही.

गावातून फिरताना खोका मस्त चालला. बाळूने माझी नवी चाल घेतली, बायका पदर खोचून नाचल्या, नवऱ्याची आजी खुर्चीवर बसल्या बसल्या हात हलवत होती. मी टेम्पोत पेटीवर तळहात ठेवून बसले होते. पेटी कोमट होती, बस. बुधाजी काकाने ढोल वाजवता वाजवता माझ्याकडे बघून मान हलवली. आबा पुढे होता. त्याने एकदाच मागे वळून पेटीकडे बघितलं. तोंडावर काहीच नव्हतं.

पळस्प्याला पोचलो. मी टेम्पोचा फाळका पाडला, पेटी उघडी टाकली, मखमल घडी करून जनरेटरमागे ठेवली. वारा पण होता थोडा. मी तिथेच बसणार होते. नाश्ता गेला खड्ड्यात.

तेवढ्यात आबा लंगडत आला. फाळक्याला टेकला आणि म्हणाला, “मने, काय खाल्लास का?”

माझ्या आईला जाऊन सहा वर्षं झाली, त्यानंतर मला हे कोणी विचारलं नव्हतं.

“सकालपासून उन्हात हायस,” तो म्हणाला. “जा, पोटाला घाल. मी बसतो हितं.”

मी गेले. मूर्खासारखी गेले. मंडपात बसून बटाटेवडे खाल्ले, सरबत घेतलं, पोरीच्या काकूने आग्रह केला म्हणून जिलेबीही घेतली. आणि मला सांगायला लाज वाटते, मी जिलेबी खाताना मनात आबांचे सगळे अपराध माफ करत होते. म्हटलं, म्हातारा झालाय. म्हटलं, पार्टी माझी झाली तरी शिट्टी त्याच्याच गळ्यात ठेवू. किती मोठं मन झालं होतं माझं त्या जिलेबीने!

ढोल वाजला तसे सगळे उठले. मी धावत आले तोवर टेम्पो हलला होता आणि माझ्यापुढे शंभर माणसं नाचत होती. समोरून गर्जना येत होती. मितेश पॅडवर, केस सोन्यासारखे रंगवलेले, तोंडात च्युइंगम. गेटवर दोन्ही टेम्पो तोंडाला तोंड लावून थांबले. त्यांनी वाजवलं, आम्ही उत्तर दिलं. त्यांनी परत वाजवलं, बाळूने त्यांचीच चाल उलटी करून त्यांच्या तोंडावर मारली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मितेशने च्युइंगम थुंकला.

आणि आमचा खोका बंद पडला.

भोंगे एकदम मुके. फक्त ढोल-ताशे राहिले, तेही बावचळून थांबले. बाळू मुक्या कीबोर्डवर बोटं दाबत राहिला. पलीकडून गर्जनावाल्यांनी आनंदाने आवाज वाढवला आणि पोरीकडची पोरं आमच्याकडे बोटं दाखवून नाचायला लागली.

मी माणसं ढकलत टेम्पोवर चढले. पेटीवर हात ठेवला आणि लगेच काढला, चटका बसला. पट्ट्या चाचपल्या. आतलं मेण पार वितळलेलं, पट्टी लोण्यासारखी मऊ. अजिबात उसंत मिळालेली नव्हती. पाऊण तासात एवढा गरम राहायला काहीतरी पांघरलेलं असायला हवं होतं. जनरेटरमागे मखमल नव्हती. ती पेटीच्या शेजारी पडली होती, घाईघाईने ओढून काढलेली, आणि मी हात लावला तर अजून गरम होती.

“कोणी झाकलं?” मी ओरडले.

बाळू खाली बघायला लागला. हृतिक फाळक्याजवळ उभा होता, त्याने दोन्ही हात वर केले. “मी नाय. आईशप्पथ मी नाय.”

“मी झाकला,” आबा म्हणाला.

तो टेम्पोला धरून खाली उभा होता. ना शरम, ना घाबरणं.

“तुला तीनदा सांगितलं होतं.”

“ऐकला मी.”

“मग?”

“मंग काय? बंद पडावा म्हनून झाकला.” गर्जनाचा आवाज एवढा होता की त्याला माझ्याजवळ तोंड आणून बोलावं लागत होतं. “आज लोक हसतील, उद्या इसरतील. पार्टीवर पोरीचा नाव लागला त माझ्या तिरडीपर्यंत हसतील. भगवान भोपीला पोरगा असून पोरीच्या हातात पार्टी दिली म्हनून.”

ज्या मितेशचं नाव ऐकून हा माणूस ताटावरून उठायचा, त्या मितेशसमोर त्याने स्वतःच्या पार्टीचं तोंड स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. मला न देण्यासाठी. मला जेवायला पाठवून.

मग तो जे बोलला ते ऐकून मला वाटलं याला टेम्पोतून ढकलून द्यावं, तो खाली उभा होता तरीही. तो म्हणाला, “आता चालू कर लवकर. नवरा ताटकललाय.”

“मी?”

“तुलाच येतो ना चालू करायला.”

येत होतं. तिथेच गेटच्या बाजूला सरबताचा टब होता, अर्धा बर्फाने भरलेला. पट्ट्या सोडवायच्या, बर्फाच्या पाण्यात बुडवायच्या, रबरात बांधलेल्या असतात, पाण्याने त्यांना काही होत नाही. मेण बघता बघता घट्ट होतं. पुन्हा गुंडाळल्या की खोका चालू. पाच-सात मिनिटांचं काम होतं, आणि हे मी त्याला सगळं सांगितलं. एकेक गोष्ट, बोट दाखवून. टब कुठे आहे तेही.

“मंग कर!”

“नाही करणार.”

मी टेम्पोत उभी राहिले आणि बाळूला, बुधाजी काकाला, ताशेवाल्यांना, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले. “खोका बंद पडला! ठरल्याप्रमाणे पार्टी हृतिकची झाली. आता हृतिक चालू करेल.”

हृतिकने पेटीकडे साप बघावा तसं बघितलं. “मना काय माहीत त्यातला? आणि मना नको ही पार्टी. मी कवा मागितली?”

बुधाजी काकाने गळ्यातला ढोलाचा पट्टा काढला आणि ढोल रस्त्यावर ठेवला. मग एका ताशेवाल्याने ठेवला. आबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नवऱ्याचा मामा गर्दीतून आमच्याकडे यायला लागला होता आणि त्याचा चेहरा काही नाश्त्याला बोलावणाऱ्याचा नव्हता.

मी फाळक्यावरून वाकले, तसा आबा माझ्या कानाशी आला. “बरा. पार्टी तुझी. झाला? आता चालू कर.”

“माइकवर बोल.”

“माइक बंद हाय ना तुझ्या खोक्यासंगं.”

“मी चालू करते. पहिला आवाज तुझा. सगळ्यांसमोर, मितेशसमोर बोलायचं, पार्टी मनीची. बोलशील?”

त्याने नुसतं हो म्हटलं असतं तरी मी पट्ट्या टबात घातल्या असत्या. खोटं हो म्हटलं असतं तरी. त्याने मान दुसरीकडे वळवली.

मी पट्ट्या सोडवल्या. चटके बसलेल्या बोटांनी एकेक ओढून काढल्या, पोत्यात भरल्या, टेम्पोवरून उतरले आणि गर्दीतून फाट्याकडे चालू लागले. मागे भोईरांची वरात गर्जनाच्या तालावर हॉलमध्ये शिरली. नवऱ्याकडची आणि पोरीकडची, दोन्ही वराती त्यांनीच आत नेल्या. रिक्षात बसले तेव्हा पोतं मांडीवर होतं आणि नवीन पनवेल येईपर्यंत ते गरमच होतं. मी मैत्रिणीकडे गेले आणि तिच्या न्हाणीघरात बसून पोट दुखेपर्यंत रडले. कोनला परत गेले ती फक्त कपडे आणायला.

ताहिरा मॅडमना सांगितलं तर त्यांनी पोत्यातली एक पट्टी वाकवून बघितली. मग म्हणाल्या, “मेणाचा दोष नाही.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

महिन्याभरात मितेश आला. कंपनीच्या गेटवर, भर दुपारी, सोनेरी केस घेऊन. मला वाटलं चेष्टा करायला आलाय, मी चप्पल काढायच्या तयारीत होते. तो म्हणाला, “मनिषाताई, त्या गेटवरची चाल तुमची होती ना? बाळूला एवढं डोकं नाही, मी त्याच्यासोबत वाजवलंय. आमचा खोका पण बंद पडतो. चाली पण तुमीच बसवा. रस्त्यावर उभं राहून वाजवायचं असेल तर वाजवा, आपल्याला काय.” बाळू आणि बुधाजी काका आधीच त्याच्याकडे गेले होते. मी त्याला दोन दिवस ताटकळत ठेवलं, मग हो म्हटलं. मला मितेश आवडत नाही. तो जेवताना तोंड उघडं ठेवतो आणि त्याला तालाची घाई असते. पण मी सांगितलेलं तो ऐकतो.

त्याने नवीन बॅनर छापायला टाकला तेव्हा फोन केला. “नाव काय टाकू? मनिषाताई?”

“पूर्ण टाक,” मी म्हटलं.

दिवाळीनंतरचं पहिलंच लग्न कोनचं निघालं. गर्जनाचा टेम्पो आमच्या गल्लीतून गेला. खोका उघड्या पेटीत, काळ्या पट्ट्या नीट गुंडाळलेल्या, आणि कीबोर्डवर मी, रस्त्यावर, भर चार वाजता. टेम्पोच्या कपाळावर बॅनर होता, आणि त्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत: संगीत, मनिषा भगवान भोपी. आबा ओटीवर बसला होता. तो अक्षर अक्षर लावून वाचतो, ओठ हलतात. मी वाजवता वाजवता त्याचे ओठ बघत होते. संगीत झालं, मनिषा झालं. भगवानवर ते थांबले.

टेम्पो वळणावर पोचायच्या आत हृतिक धावत आला. धापा टाकत होता.

“मने, आबा बोलतो, बॅनरवरनं त्याचा नाव काढ. आत्ताच्या आत्ता. मितेशच्या टेम्पोवर त्याचा नाव नको.”

मी बोटं थांबवली नाहीत. “त्याला सांग, ते मी नाही लावलं. माझ्या बारशाला त्यानेच लावलंय.”